रंगभूमीबाहेरचा प्रयोग : व्हिक्टोरियन नटनटींची छायाचित्रे आणि प्रसिद्धीचे नवे रूप

पाश्चात्त्य रंगभूमीच्या इतिहासाचा कोणताही सचित्र ग्रंथ चाळू लागले, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापाशी पोहोचताच चित्रांचे स्वरूप पालटलेले दिसते. तोवर तैलचित्रे व कोरीव ठशांवरून छापलेली चित्रे यांवर भागवावे लागत असते. आता ‘अमुक नट अमुक भूमिकेत’ अशा मथळ्याची छायाचित्रे येऊ लागतात. वाचकाला येथे एक प्रकारचा दिलासा मिळतो. चित्रकाराच्या कल्पनेचे व्यवधान दूर झाले आणि प्रत्यक्ष प्रयोगच आपल्यापुढे उभा राहिला, असे त्याला वाटते. इतिहासकारही पुष्कळदा याच समजुतीने छायाचित्रांचा आधार घेतात आणि त्यांवरून त्या त्या काळच्या अभिनयशैलीविषयी निष्कर्ष काढतात. ही समजूत कितपत टिकते, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तपासणी करू लागले की विषय केवळ साधनचिकित्सेचा राहत नाही. नटाची मुद्रा ही कोणाची मालमत्ता, आणि त्याची ख्याती त्याच्या नेमक्या कोणत्या गुणावर उभी राहिली, हे प्रश्न त्यामागोमाग येतात; आणि प्रस्तुत लेखकाला ते अधिक महत्त्वाचे वाटतात.

नटांच्या चित्रांचा व्यापार छायाचित्रापेक्षा जुना आहे. तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेतील डेव्हिड गॅरिकचे होगार्थने काढलेले चित्र १७४५ मधील, तर सारा सिडन्सला शोकनाट्याच्या देवतेचे रूप देणारे रेनल्ड्सचे चित्र १७८४ मधील. अशा चित्रांवरून ठसे कोरून त्यांच्या प्रती विकल्या जात. परंतु या व्यवहारात चित्रकाराची मध्यस्थी कोणापासून लपलेली नव्हती. रेनल्ड्सच्या चित्रातील सिंहासन आणि मागचे ढग रंगमंचावर होते, असे पाहणाऱ्याला वाटण्याचा संभवच नव्हता. छायाचित्राने ही मध्यस्थी नाहीशी केली नाही. ती दिसेनाशी केली, एवढेच.

यांत्रिक बाजू थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची पद्धती प्रसिद्ध केली. काचेवरील एका मूळ चित्रावरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढणे तिच्यामुळे सुकर झाले. १८५४ मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी याने एकाच काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे पेटंट मिळवले. ही चित्रे कापून सुमारे चार इंच लांब व अडीच इंच रुंद अशा पुठ्ठ्यावर चिकटवीत. आकार भेटकार्डासारखा, म्हणून नावही तेच पडले : कार्त द व्हिझित. इंग्लंडमध्ये १८६० साली मेयॉल या छायाचित्रकाराने राणी व्हिक्टोरिया व तिच्या कुटुंबीयांची अशी चित्रे विक्रीस काढली, आणि जे राजघराण्याने केले ते करण्यात कोणालाच संकोच उरला नाही. शिलिंग-दीड शिलिंगाला मिळणारी ही कार्डे कागदविक्रेत्यांच्या दुकानांच्या काचेआड मांडलेली असत; बिशप, सेनापती, कवी, राजकन्या आणि नटी एकाच ओळीत, एकाच आकारात. घरोघरी त्यांच्यासाठी खाचा असलेले आल्बम आले. पानाच्या एका खाचेत घरातली आत्या आणि शेजारच्या खाचेत गावगन्ना चर्चेतली नटी, असा शेजार त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात याआधी कल्पनेतही शक्य नव्हता. १८६६ पासून साडेसहा इंच लांबीचे कॅबिनेट कार्ड प्रचारात आले. त्यात चेहऱ्याचे बारकावे आणि वेशभूषेची घडण न्‌ घडण दिसू लागली, आणि नाट्यव्यवसायाने हाच आकार आपलासा केला.

आपल्याकडे कीर्ती आणि प्रसिद्धी हे शब्द सैलपणे समानार्थी वापरले जातात. त्यांतील भेद या ठिकाणी उपयोगी पडतो. कीर्ती कानोकानी जाते आणि तिला कर्तृत्वाचा आधार लागतो. ज्याने गॅरिकला पाहिले होते तो न पाहिलेल्याला सांगत असे. कार्डाने या साखळीतील सांगणाराच काढून टाकला. यॉर्कशरच्या खेड्यात बसलेल्या ज्या माणसाने लंडनच्या नाट्यगृहात कधी पाऊल ठेवले नव्हते, त्याला तेथील नटीचा चेहरा शेजारणीच्या चेहऱ्याइतका ओळखीचा झाला. तिचा अभिनय मात्र त्याला सर्वस्वी अपरिचित राहिला. ओळख आधी आणि अनुभव नंतर किंवा कधीच नाही, हा क्रम येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर रूढ झाला.

आता छायाचित्र निघत कसे, ते पाहू. गॅसच्या दिव्यांनी उजळलेला रंगमंच त्या काळच्या काचेला अंधारासारखाच होता. चालू प्रयोगाचे चित्र घेणे अशक्य असल्याने नट वेशभूषा घेऊन छायाचित्रकाराच्या स्टुडिओत जाई. हा स्टुडिओ बहुधा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, काचेच्या छताखाली असे, आणि काम दिवसाउजेडी चाले. काही सेकंद निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू देत. कोलोडियनची काच निळ्या प्रकाशाला संवेदनशील, तांबड्याला जवळजवळ आंधळी. त्यामुळे निळे वस्त्र फिकट पांढुरके उतरे, तर ओठांना वा गालांना लावलेला तांबडा रंग काळवंडे. रंगमंचावरची रंगभूषा तशीच ठेवली तर चित्र बिघडणार, म्हणून ती बदलावी लागे. पडदा, कठडा, झाडाचे खोटे खोड, गवत ही सामग्री स्टुडिओच्या मालकीची असे; एकच कठडा आज ज्युलिएटच्या सज्जाला तर उद्या एखाद्या सरदारपत्नीच्या उद्यानाला लावला जाई.

भरतमुनींनी सांगितलेले अभिनयाचे चार प्रकार येथे निकष म्हणून लावून पाहावेत. आहार्य, म्हणजे वेश व अलंकरण, छायाचित्रात बहुतांशी उतरते. रंग तेवढा हरपतो. आंगिक अभिनयातील गती जाऊन एकच स्थिती उरते, आणि तीही टेकूला धरून राहण्याजोगी असेल तरच. धावणे, कोसळणे, दचकणे वर्ज्य. वाचिक पूर्णपणे वगळले जाते. राहता राहिला सात्त्विक. स्तंभ, स्वेद, रोमांच, अश्रू यांना आवाहन करणारी परिस्थिती आणि समोरचा प्रेक्षक हे दोन्ही स्टुडिओत नसतात. त्यांपैकी ‘स्तंभ’ तेवढा लोखंडी टेकूच्या कृपेने साधत असावा! विनोद सोडला तरी मुद्दा राहतोच. नाट्यव्यवहारात ज्याला सर्वांत बाह्य मानावे ते आहार्य छायाचित्रात सर्वाधिक बोलके होते, आणि नटाची ओळख त्याच अंगाने पसरते. म्हणून या चित्रांना प्रयोगाची नोंद मानणे चुकीचे आहे. स्टुडिओत होतो तो एक स्वतंत्र प्रयोग होय. त्याला स्वतःचे नेपथ्य आहे, स्वतःचा दिग्दर्शक आहे, आणि त्याचा प्रेक्षक पुढे केव्हा तरी, दुकानाच्या काचेसमोर येणार आहे.

या दिग्दर्शकांत अग्रगण्य म्हणजे नेपोलियन सॅरोनी (१८२१–१८९६). क्वेबेकमध्ये जन्मलेला, शिळाछापाच्या धंद्यात मुरलेला हा बुटका, हौशी वेशाचा गृहस्थ न्यूयॉर्कमधील नाट्यछायाचित्रांचा अनभिषिक्त राजा झाला. युनियन स्क्वेअरमधील त्याच्या स्टुडिओत ममी, चिलखते आणि पेंढा भरलेली मगर अशी अजबखान्यासारखी सजावट होती. कॅमेरा तो स्वतः चालवीत नसे. ते काम त्याचा सहायक करी. सॅरोनी नटाला बसवी, उठवी, हातवारे करून दाखवी आणि योग्य क्षणी खूण करी.

त्याच्या ख्यातीचा आरंभ मात्र इंग्लंडमधला. अडा आयझॅक्स मेन्केन ही अमेरिकन नटी ‘मझेपा’ या नाटकात अंगासरशी बसणाऱ्या त्वचारंगी वस्त्रात घोड्याच्या पाठीला बांधलेली अशी प्रवेश करी, आणि १८६४ मध्ये लंडनमध्ये तिने मोठी खळबळ उडवली होती. १८६५ मध्ये बर्मिंगहॅम येथे सॅरोनीने तिची छायाचित्रे घेतली. सॅरोनी पुढे सांगे, की आधीच्या चित्रांवर ती असंतुष्ट होती. काही चित्रांत ती स्वतःच्या मनाने उभी राहिली, काहींत त्याने सांगितल्याप्रमाणे. आणि प्रती पाहिल्यावर स्वतःची तिला नकोशी झाली व त्याची पसंत पडली. सांगणारा स्वतः पक्षकार असल्याने ही कथा जपूनच घेतली पाहिजे. पण ती ज्या वादाकडे बोट दाखवते तो वाद खरा आहे : आविर्भाव नटीचा की छायाचित्रकाराचा? ‘मझेपा’चे सारे आकर्षण वेगात होते, आणि धावता घोडा स्टुडिओत येणे शक्यच नव्हते. राहिला तो वेश, आणि पहुडलेला देह. ज्या दृश्यासाठी लोक नाट्यगृहात गर्दी करीत ते या चित्रांत नाही. ही चित्रे वेगळ्याच कुतूहलासाठी विकत घेतली जात होती.

मेन्केनचेच नाव आणखी एका प्रकरणात येते आणि ते अधिक बोधप्रद आहे. १८६७ मध्ये पॅरिस येथे तिने वृद्ध कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा याच्यासह लिएबेर नावाच्या छायाचित्रकाराकडे सलगीची चित्रे काढून घेतली. लिएबेरने ती विक्रीस मांडताच शहरभर टवाळी झाली आणि द्यूमाने न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयात तो हरला. अपील न्यायालयाने मात्र मे १८६७ मध्ये असे ठरवले, की आरंभी मूक संमती दिली असली तरी खाजगी आयुष्याच्या रक्षणासाठी माणसाला ती मागे घेता येते. खाजगीपणाच्या हक्काच्या इतिहासात हा निर्णय वारंवार सांगितला जातो. त्यात संरक्षण मागितले ते लेखकाने आणि मिळाले तेही लेखकाला. त्याच चित्रात बसलेल्या नटीला खाजगी आयुष्य असू शकते हा प्रश्न त्या वादात पुढे आलाच नाही. जिचे चित्र विकणे हाच रूढ व्यवहार, तिच्या बाबतीत विक्रीला आक्षेप कोण घेणार? पुढच्याच वर्षी पॅरिसमध्येच तिचा मृत्यू झाला.

इंग्लंडमधील १८६२ च्या कायद्याने छायाचित्राला कॉपीराइट मिळाला. पण चित्र मोबदला देऊन काढवून घेतलेले असेल तर तो हक्क काढवून घेणाऱ्याकडे जाई. वरवर न्याय्य वाटणाऱ्या या तरतुदीचा नटवर्गाच्या बाबतीत उलटा परिणाम झाला. सामान्य गृहिणी पैसे देऊन चित्र काढवी, म्हणून तिच्या चेहऱ्याची विक्री तिच्या अनुमतीवाचून होऊ शकत नसे. नामांकित नटीला छायाचित्रकार स्वतः बोलावी आणि शुल्क घेत नसे, म्हणून तिच्या चेहऱ्याचा व्यापारी हक्क त्याचा होई. मानधन घ्यायचे ते आधीच ठरवून. साऱ्या नटांना ते मिळत नसे. पण सॅरोनीने १८८० मध्ये सारा बर्नहार्टला दीड हजार डॉलर दिले, असे सांगितले जाते.

याच सॅरोनीचा एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, आणि त्याचा विषय योगायोगाने नट नसलेला एक नट होता. ‘पेशन्स’ ही गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची संगीतिका १८८१ मध्ये रंगभूमीवर आली. सौंदर्यवादी कवींची ती थट्टा होती. अमेरिकन प्रेक्षकाने असा कवी पूर्वी पाहिलेला नसल्याने थट्टेची चव त्याला कळणार कशी, या व्यावहारिक विचाराने निर्माता डॉयली कार्ट याने ऑस्कर वाइल्डचा व्याख्यानदौरा आखला. जानेवारी १८८२ मध्ये वाइल्ड न्यूयॉर्कला उतरला आणि सॅरोनीच्या स्टुडिओत मखमली जाकीट, गुडघ्यापर्यंतची तुमान, रेशमी मोजे अशा वेशात त्याने सत्तावीसहून कमी नव्हे इतकी चित्रे काढून घेतली. तोवर त्याच्या नावावर एक कवितासंग्रह होता. पुढे गाजलेले एकही नाटक लिहून झालेले नव्हते. म्हणजे ग्रंथांच्या आधी ग्रंथकाराची मुद्रा प्रसिद्ध झाली. यांतील अठराव्या क्रमांकाच्या चित्रावरून बरो-जाइल्स या शिळाछाप कंपनीने पंच्याऐंशी हजार प्रती छापल्या. सॅरोनीने दावा लावला. कंपनीचे म्हणणे असे, की छायाचित्र हे यंत्राने केलेले यथातथ्य अनुकरण. त्यात कर्तृत्व कसले?

मार्च १८८४ मध्ये न्यायालयाने सॅरोनीच्या बाजूने कौल दिला, आणि त्यासाठी दिलेली कारणे नाट्याभ्यासकाने मुद्दाम पाहावीत अशी आहेत. वाइल्डला कॅमेऱ्यासमोर बसवणे, पोशाख व पडदे यांची निवड आणि मांडणी, छायाप्रकाशाची योजना, हवा तो भाव चेहऱ्यावर आणवणे : यांतून चित्र सिद्ध झाले, म्हणून त्याचा कर्ता सॅरोनी. ही यादी आहार्य अभिनय आणि नेपथ्य यांची आहे. शेवटची बाब, चेहऱ्यावरचा भाव, तीसुद्धा न्यायालयाने ‘आणवणाऱ्या’च्या खात्यात जमा केली. ज्याने तो भाव आणला, जो ते कपडे अंगावर वागवीत गावोगाव हिंडत होता आणि ज्याने स्वतःची ती मूर्ती कित्येक वर्षे परिश्रमाने घडवली होती, तो या निर्णयात छायाचित्राचा विषय एवढाच उरला. यंत्र हे कर्तृत्वाच्या आड येत नाही हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले, हे योग्यच झाले. परंतु समोर उभे राहणे हेही कर्तृत्व असू शकते, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

प्रसिद्धीचा हा प्रवाह पुढे उलटाही वाहू लागला. लिली लँग्ट्री ही जर्सी बेटावरून लंडनला आलेली, रूपासाठी गाजलेली विवाहित स्त्री. तिची छायाचित्रे १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दुकानादुकानांत विकली जात होती. ती नटी झाली डिसेंबर १८८१ मध्ये, पैशाची ओढ लागल्यावर. हेमार्केट नाट्यगृहात गोल्डस्मिथच्या नाटकात ती उभी राहिली तेव्हा प्रेक्षक केट हार्डकासल पाहायला आले नव्हते. आल्बममधील चेहरा हलताना आणि बोलताना पाहण्याची त्यांची इच्छा होती. पुढल्याच वर्षी पिअर्स साबणाच्या जाहिरातीत तिचे प्रशस्तिपत्र झळकले. भूमिकेवरून चित्र हा क्रम जाऊन चित्रावरून भूमिका हा क्रम आला. बर्नहार्टने तर शवपेटीत डोळे मिटून पडलेले आपले चित्र मेलांद्रीकडून काढवले आणि ते विकलेही गेले. कोणत्या नाटकातील हा प्रवेश, असे विचारण्यात अर्थ नाही. तो ‘सारा बर्नहार्ट’ याच दीर्घ नाटकातला आहे.

एलन टेरीचे उदाहरण या सर्वांहून गुंतागुंतीचे आहे. १८५६ मध्ये चार्ल्स कीनच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये तिने बालराजपुत्राची भूमिका केली, मार्टिन लारोशने घेतलेल्या चित्रात ती खेळण्यातील गाडीसह दिसते. १८६४ मध्ये वॉट्स या चित्रकाराशी विवाह होऊन ती रंगभूमीपासून दुरावली असता जूलिया मार्गारेट कॅमरनने तिचे चित्र घेतले. (कॅमरनबाईंचा जन्म कलकत्त्याचा, हे येथे सहज नोंदवावे.) भिंतीला टेकलेली, गळ्यातील माळेशी चाळा करणारी ही सतरा वर्षांची मुलगी कोणत्याच भूमिकेत नाही, तरीही कॅमरनने चित्राला ‘सॅडनेस’ हे नाव दिले, आणि त्या नावाने ती भूमिकेत ढकलली गेली. आज कित्येक लेखक या चित्रात त्या अल्पजीवी विवाहाचे दुःख वाचतात. एका निष्णात नटीच्या विषण्ण मुद्रेवरून तिच्या संसाराचे अनुमान करणे धाडसाचे आहे.

डिसेंबर १८८८ मध्ये हेन्री अर्व्हिंगच्या लायसियम नाट्यगृहात तिने लेडी मॅक्बेथ साकारली. बीटल जातीच्या किड्यांचे हिरवे चमकदार पंख टाचलेला तिचा झगा आजही केंटमधील स्मॉलहाइथ येथे जतन केलेला आहे. विंडो आणि ग्रोव्ह यांनी घेतलेल्या छायाचित्रांत झग्याची वीण, लांब वेण्या, कमरपट्टा सारे स्पष्ट आहे. दिव्यांच्या उजेडात हलणारी ती हिरवी झाक, जिच्यामुळे भूमिकेला सर्पासारखी कांती येत असावी, ती मात्र राखाडी झाली. सार्जंटने १८८९ मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध तैलचित्रात रंग आहे, पण राजमुकुट दोन्ही हातांनी उंचावून मस्तकावर धरण्याचा जो आविर्भाव त्यात आहे, तो प्रयोगात नव्हताच. चित्र पाहणारे बहुतेक जण तो प्रवेश लायसियमच्या रंगमंचावर घडला असे आजही मानतात. येथे छायाचित्र आणि तैलचित्र यांत अधिक विश्वासार्ह कोणते, हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. दोन्ही ठिकाणी टेरीने पुन्हा एकदा, निराळ्या प्रेक्षकासाठी लेडी मॅक्बेथ केली.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला या चर्चेचे प्रयोजन वेगळे सांगावयास नको. ‘मानापमान’ (१९११) किंवा ‘स्वयंवर’ (१९१६) मधील बालगंधर्वांची छायाचित्रे आपण ग्रंथांतून पाहत आलो आहो. पुरुषनटाने उभे केलेले स्त्रीत्व त्यांवरून जोखण्याचा मोह होतो. जे सौंदर्य मुख्यतः गायनातून आणि हालचालीच्या लयीतून प्रेक्षकापर्यंत जाई, त्यातील शालूचा काठ आणि मानेची ठेवण एवढेच चित्रात सापडते. ध्वनिमुद्रिका हाताशी असल्याने येथे वाचिकाची उणीव थोडी भरून निघते, हे आपले भाग्य. मेन्केनच्या अभ्यासकाला तेही नाही.

मग ही छायाचित्रे साधन म्हणून त्याज्य ठरतात काय? तसे मानण्याचे कारण नाही. ती ज्याची साक्ष देतात ते नीट ओळखले पाहिजे. बेंजामिन फॉकने १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर नाट्यगृहात विजेच्या प्रकाशात खुद्द रंगमंचावर चित्र घेतले. असे चित्र आणि सॅरोनीचे कार्ड यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, कारण पहिल्यात निदान नेपथ्य आणि पात्रांची मांडणी नाट्यगृहाची आहे. लंडनमधील कामीय सिल्व्ही याच्या स्टुडिओच्या नोंदवह्या तेथील राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहेत. त्यांत सुमारे सतरा हजार बैठकी अनुक्रमांकांनी लावलेल्या आहेत. आडेलिना पाटी ही गायिका १८६१ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर प्रथम आली आणि त्याच वर्षी सिल्व्हीपुढे आपल्या भूमिकांच्या वेशात उभी राहिली. बैठकीचा दिवस आणि प्रयोगाचा दिवस शेजारी ठेवून पाहिले तर वेश प्रयोगातलाच होता की चित्रासाठी नवा, चित्र प्रयोगाच्या जाहिरातीसाठी आधी घेतले की यशानंतर, हे ठरवण्यास निश्चित आधार मिळतो. अशा वह्या नसतील तेथे कार्डाची मागची बाजू पाहावी. स्टुडिओचे नाव व पत्ता तेथे छापलेला असतो, आणि पत्ता बदलल्याच्या वर्षावरून काळ बांधता येतो. भूमिकेचे नाव मात्र पुष्कळदा शाईने, कोणा आल्बमधारकाच्या हाताने नंतर लिहिलेले असते. ते ग्रंथात मथळा म्हणून उतरवून घेण्यापूर्वी वेशाशी आणि जाहिरातपत्रकाशी ताडून पाहावे.